पोथी आणि पाठ्यपुस्तक

आपल्या मंडळींत वाचनाला मान फार. दत्तजयंतीच्या आधी गुरुचरित्राचा सप्ताह कोणाकडे बसला, ज्ञानेश्वरीची आवर्तने कोणाची किती झाली, हे देवळाच्या ओसरीवर घटकाभर बसले असता सहज कानी पडते. हा हिशेब संख्येचा असतो आणि तो तसा असण्यात आम्हांस काही गैर वाटत नाही. पारायण हा एक नेम आहे. त्यात वाचेचा व चित्ताचा संयम आहे, आणि ज्याने ते श्रद्धेने केले त्याला त्याचे फळ त्याच्या परीने मिळतेच. परंतु गेली काही वर्षे आमच्या देवळाच्या सभामंडपालगतच्या खोलीत संध्याकाळी कॉलेजची मुले अभ्यासास बसतात. त्यांच्याकडे लक्ष ठेवण्याचे काम आमच्याकडे आले, आणि ही मुले पाठ्यपुस्तकाचेही पारायणच करितात असे आमच्या ध्यानी आले. ‘काय वाचलेस?’ असे विचारावे, तर ‘तिसरे प्रकरण तीनदा झाले’ असे उत्तर मिळते.

यास्काचार्यांनी निरुक्तात, अर्थ न जाणता वेद मुखोद्गत करणाऱ्यास भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे. ज्या काळी पाठांतराचे माहात्म्य आजच्याहून शतपटीने अधिक होते, त्या काळी ही उपमा दिली गेली, हे लक्षात घेतले म्हणजे तिची धार कळते. खांब बिचारा भार तरी नेटाने वाहतो. परीक्षेच्या आदल्या रात्री तीनदा वाचलेले प्रकरण पंधरा दिवसांनी शोधू जाता खांबावर काहीच सापडत नाही.

बेळगाव-निपाणीकडील मुलांची अडचण इतर ठिकाणच्या मुलांहून थोडी निराळी आहे. घरी कोंकणी किंवा मराठी, शाळेत मराठी, बाजारात व कचेरीत कन्नड, आणि कॉलेजात पाऊल टाकले की पुस्तक इंग्रजी, असा हा प्रवास असतो. बेळगावात १९३३ साली लिंगराज कॉलेज निघाले आणि १९४५ साली राणी पार्वतीदेवी कॉलेज. त्या वेळी येथील मुले मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा देत. पुढे धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ आले, १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, आणि २०१० साली बेळगावातच राणी चन्नम्मा विद्यापीठ स्थापन झाले. निपाणीची तर तऱ्हाच वेगळी. तेथील देवचंद कॉलेज १९६० साली निघाले ते अर्जुननगरास, म्हणजे गावाला लागून, परंतु कोल्हापूर जिल्ह्याच्या हद्दीत. त्यामुळे एकाच गल्लीतील दोन मैत्रिणींपैकी एक कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची परीक्षा देते आणि दुसरी बेळगावच्या विद्यापीठाची. सीमेचा वाद येथे मांडण्याचा आमचा मानस नाही. विद्यापीठे बदलली, सरकारे बदलली, सरकारी दप्तरात २०१४ साली बेळगावचे बेळगावी झाले. मराठी शाळेतून आलेल्या मुलापुढे पडणारे जाडजूड इंग्रजी पुस्तक मात्र बदलले नाही.

ते पुस्तक पाहून मुलाचा जीव दडपतो. वाक्याच्या आरंभी असलेले मन वाक्याच्या शेवटी पोहोचेतो निसटून जाते. मग तो गाईड आणतो, मागच्या वर्षीच्या कोणाच्या तरी वहीची झेरॉक्स आणतो, आणि न कळलेली इंग्रजी वाक्ये स्तोत्रासारखी घोकू लागतो. काही मुले अशा रीतीने उत्तीर्णही होतात. काही दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडून दुकानात बसतात आणि ‘आमचे डोके अभ्यासाचे नव्हेच’ असे स्वतःविषयी कायमचे ठरवून टाकतात. यांतील निदान निम्म्यांच्या डोक्यात काही उणे नव्हते, असे त्यांच्याशी बोलून आमचे मत झाले आहे. प्रकरण वाचावे कसे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते इतकेच. आणि ते सांगावयाचे तर परकीय विद्या हुडकीत जाण्याचीही तितकीशी गरज नव्हती.

आमच्या खोलीत बसणाऱ्या एका मुलाची हकीकत सांगतो. शहापुरातील घर, बोलणे कोंकणी, मुलगा बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला. घसाऱ्याचे प्रकरण त्याने दोनदा वाचले होते आणि त्यावरील उदाहरणे तो पैचीही चूक न करता सोडवीत असे. एक लाखाचे यंत्र, आयुष्य दहा वर्षे, अखेरीस किंमत शून्य. म्हणजे दर साल दहा हजार रुपये घसारा. आम्ही त्याला म्हटले, ‘हे सारे आज रात्री आजीला सांग. पुस्तक मिटून सांग, आणि कोंकणीत सांग.’ तो हसला. आजी जेमतेम चवथी शिकलेली. पण तिने ऐन उमेदीत घरची पिठाची गिरण सांभाळली होती, हे तो विसरला होता.

आजीने ऐकून घेतले आणि विचारले, ‘कित्याक?’ घसारा धरावयाचाच कशाला? यंत्र झिजते म्हणून, असे त्याने सांगितले. ते तिला पटले. मग तिने दुसरा प्रश्न विचारला : ‘ते पयशे खंय दवरतात?’ दर साल दहा हजार बाजूला काढता म्हणतोस, ते ठेवता कोठे? पेटीत, की बँकेत?

मुलाची वाचा बसली. सर्व उदाहरणे बरोबर आली होती, परंतु या प्रश्नाचे उत्तर त्याच्याजवळ नव्हते. दुसऱ्या दिवशी तो खोलीवर आला आणि तेच प्रकरण तिसऱ्यांदा उघडून बसला. पण या खेपेस तो काहीतरी शोधीत होता. दुसऱ्याच पानावर त्याला ते सापडले : घसाऱ्यापायी रोख रक्कम कोठेही जात नाही. पैसे गेले ते यंत्र घेतले त्याच दिवशी. त्या एकाच दिवशीच्या खर्चाचा बोजा, यंत्र ज्या ज्या वर्षी राबले त्या त्या वर्षावर वाटून लिहावयाचा, एवढाच हा व्यवहार. तसे न लिहिले तर नफा फुगलेला दिसतो आणि मालक भांडवलच नफा समजून खाऊन बसतो. हे वाक्य त्याच्या डोळ्यांखालून दोनदा गेले होते आणि दोन्ही वेळा ते त्याला दिसले नव्हते. रात्री त्याने आजीला खुलासा केला, तेव्हा ती म्हणाली, ‘म्हणजे जातें झिजता तें बरोवन दवरप, इतलेंच न्ही?’ इतकेच. पण हे इतकेच कळावयास प्रश्न विचारणारे कोणीतरी लागते.

आजीने जे केले त्याला शास्त्रात आक्षेप म्हणतात. भाष्यकाराची कामे सांगताना आपल्या परंपरेने पदच्छेद, पदांचा अर्थ, समासांचा विग्रह, वाक्याची जुळणी, आणि शेवटी आक्षेप व त्याचे समाधान, अशी पाच सांगितली आहेत. शब्दार्थ कळला, वाक्य लागले, म्हणजे वाचन पुरे झाले असे आपल्या पंडितांनी मानले नाही. आक्षेप घेतल्याविना आणि तो फेडल्याविना ग्रंथ वाचून झाला असे ते म्हणत नसत. मीमांसकांच्या अधिकरणाची रचनाही तीच : विषय, संशय, पूर्वपक्ष, मग उत्तर. आम्ही लहानपणी चातुर्मासात पुराण ऐकावयास बसत असू, तेव्हा पुराणिकबुवा श्लोक लावून झाला की मान वर करून ‘आता येथे कोणी म्हणेल की...’ अशी सुरुवात करीत. त्या ‘कोणी म्हणेल’साठी आम्ही जागे राहत असू. देवळांतून पारायणे टिकली, परंतु हा ‘कोणी म्हणेल’ बहुतेक ठिकाणांहून निघून गेला आहे, आणि त्याची खंत करणारे फारसे कोणी आढळत नाही.

ग्रंथाचे तात्पर्य कसे ठरवावे यासाठी मीमांसकांनी सहा खुणा दिल्या आहेत. उपक्रम आणि उपसंहार ही एक जोडखूण, आणि पुढे अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद व उपपत्ती. लोकमान्यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात आरंभीच्याच प्रकरणात या कसोट्यांची चर्चा केली आहे आणि मग गीतेचे तात्पर्य ठरविण्यास हात घातला आहे. त्यांचा निष्कर्ष कोणास मान्य असो वा नसो, एवढा मोठा वाचक वाचावयास बसला म्हणजे आधी वाचण्याची रीत ठरवून घेतो, ही गोष्ट आम्हांस मोलाची वाटते. पुढच्याच वर्षी, १९१६ साली, लोकमान्यांनी होमरूल लीगची स्थापना केली ती आमच्या बेळगावात. पण तो विषय वेगळा.

या सहा खुणा अर्थशास्त्राच्या किंवा जीवशास्त्राच्या प्रकरणाला लावून पाहाव्यात. प्रकरणाचा पहिला परिच्छेद आणि शेवटचा परिच्छेद आधी वाचावा, मधले काहीही वाचण्यापूर्वी. लेखक कोठून निघाला आणि कोठे पोहोचला हे कळले, म्हणजे मधल्या तीस पानांतून चालताना रस्ता चुकत नाही. पाच मिनिटांचे हे काम आमच्या खोलीतील एकही मुलगा आपण होऊन करीत नसे; शेवट आधी वाचणे ही लबाडी आहे, असे त्यांस वाटे. ‘अभ्यास’ या शब्दाचा मीमांसेतील अर्थ पुनरुक्ती. प्रकरणात कोणता शब्द पुन्हा पुन्हा येतो तो हेरावा. अपूर्वता म्हणजे मागच्या प्रकरणात नव्हते असे येथे काय आले. फल आणि उपपत्ती यांविषयी फार सांगावयास नको. यातून कोणते गणित सुटते आणि कोणत्या युक्तिवादाने, हे शिक्षक वर्गात सांगतातच.

अर्थवादावर मात्र थोडे थांबले पाहिजे. अर्थवाद म्हणजे स्तुती, आख्यान, रुची वाढविण्यासाठी आलेला मजकूर. आजच्या पाठ्यपुस्तकांत रंगीत चौकटी असतात. त्यांत शास्त्रज्ञाचे चरित्र, एखादी गमतीची हकीकत, छायाचित्र वगैरे असते. ते सर्व वाचावे, त्यात मन रमते. परंतु आम्ही मुलांची पुस्तके चाळली तेव्हा असे दिसले की सर्वांत जास्त खुणा याच मजकुराखाली. कारण उघड आहे : तेवढाच भाग त्यांना सहज कळला होता. विधी कोरा आणि अर्थवाद पिवळा, अशी ती पुस्तके!

पिवळा म्हटले ते शब्दशः. जुन्या पोथ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांस ठाऊक असेल की लेखकाची चूक झाली म्हणजे त्या अक्षरांवर हरताळ फाशीत असत. हरताळाचा तो पिवळा पट्टा ‘हे वाचू नये’ असे सांगे. आजचा विद्यार्थी हायलायटर नावाची पिवळी कांडी घेऊन ‘हे वाचावे’ असे सांगण्यासाठी तसाच पट्टा ओढतो आणि पान संपेपर्यंत ओढीतच जातो. अखेर दोहोंचा परिणाम सारखाच होताना आम्ही पाहिला आहे. पट्टा ओढला की काम झाले अशी मनाची समजूत पटते आणि ते वाक्य पुन्हा कोणी वाचीत नाही. २०१३ साली अमेरिकेतील डनलॉस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा रीतींची छाननी प्रसिद्ध केली. तीत खुणा करणे व पुन्हा पुन्हा वाचणे या दोन्ही रीती कमी उपयोगाच्या ठरल्या; स्वतःची परीक्षा घेणे आणि अभ्यास दिवसांच्या अंतराने वाटून करणे या दोन रीतींना सर्वांत वरचे स्थान मिळाले.

पाश्चात्त्य देशांत या विषयाचा विचार बराच झाला आहे. ओहायो राज्य विद्यापीठातील फ्रान्सिस रॉबिन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९४६ साली एका पुस्तकात पाच पायऱ्यांची रीत मांडली, ती आजही तिकडील महाविद्यालयांत शिकवितात. आधी प्रकरणाची पाहणी. मग प्रत्येक मथळ्याचा प्रश्न करणे. त्या प्रश्नाचे उत्तर शोधीत वाचणे. पुस्तक मिटून ते उत्तर आपल्या शब्दांत म्हणणे. आणि काही काळाने उजळणी. हे वाचताना याज्ञवल्क्यांनी मैत्रेयीस सांगितलेला श्रवण, मनन, निदिध्यासन हा क्रम कोणासही आठवेल. परंतु ‘हे सारे आमच्याकडे आधीपासून होतेच’ अशी फुशारकी मारण्याचे धैर्य आम्हांस होत नाही. होते, ते आपण वापरले नाही, आणि ज्यांनी वापरले त्यांनी ते मोजून पाहिले.

मोजून पाहिले म्हणजे कसे, याचे एक उदाहरण देतो. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर व कार्पिकी या दोघांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चार पाळ्यांत पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी पहिल्याच पाळीत वाचला आणि पुढील तीन पाळ्यांत न पाहता, आठवेल तेवढे कागदावर उतरविले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. त्यांना शेकडा ८३ भाग आठवला, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा वाचणाऱ्यांजवळ ४० उरले होते आणि आठवून लिहिणाऱ्यांजवळ ६१. पारायण करणाऱ्या मुलाला आपली रीत उत्तम का वाटते, याचे कारण या आकड्यांत आहे. पाच मिनिटांपुरती ती खरोखरच उत्तम असते. रात्री दिवा मालविताना सर्व काही येते असे वाटते, आणि ती समजूत खोटीही नसते. परीक्षा त्या रात्री होत नाही, एवढीच अडचण.

आता निपाणीकडील एका मुलीविषयी. ती बेळगावास मावशीकडे राहून बी. ए. करीत होती, विषय अर्थशास्त्र. घरची तंबाखूची शेती, आई व चुलती विड्या वळणाऱ्या. प्रकरण होते मागणीच्या लवचिकतेचे. मथळ्याचा प्रश्न कर असे सांगताच तिने तो चटकन केला : मागणीची लवचिकता म्हणजे काय? असला प्रश्न निरुपयोगी नसला तरी मुळमुळीत असतो. त्याचे उत्तर पुढच्याच ओळीत व्याख्येच्या रूपाने उभे असते आणि ते उचलून वहीत ठेवले की संपले. आम्ही तिला म्हटले, ‘बाळ, जो प्रश्न तुझ्या घरी कोणीतरी खरोखर विचारील असा एखादा काढ.’ ती दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘सर, आमचं आबा म्हणत्यात, ज्या साली लई पिकलं त्या साली आम्ही बुडालो. हे खरं कसं असंल? जास्त पिकलं तर जास्त पैसं यायला पायजेत.’

असा नेमका पूर्वपक्ष पंडितालाही क्वचितच मांडता येतो. हा प्रश्न चिठ्ठीवर लिहून, ती चिठ्ठी पुस्तकाच्या कडेला ठेवून ती वाचावयास बसली. किंमत थोडी बदलली असता मागणी पुष्कळ बदलते त्या वस्तूची मागणी लवचीक, आणि किंमत पुष्कळ बदलूनही मागणी फारशी हलत नाही ती अलवचीक. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० सालच्या आपल्या ग्रंथात ही कल्पना रीतसर मांडली. मीठ स्वस्त झाले म्हणून कोणी आमटीत दुप्पट मीठ घालीत नाही, हे तिला लगेच पटले. मग तिने स्वतःच विचारले, विडीचे काय? व्यसनाची वस्तू सहसा याच वर्गात मोडते. ओढणारा महाग झाली तरी ओढतो आणि स्वस्त झाली म्हणून दिवसाला दोन बंडले जास्त ओढीत नाही. तेव्हा पाला अधिक पिकला तर तो सगळा खपविण्यासाठी भाव बराच खाली यावा लागतो.

आम्ही तिला हिशेब करावयास सांगितले. सोयीसाठी धर, शंभर मापे माल आणि मापास शंभर रुपये. दहा हजार झाले. पुढच्या साली माल दहा मापे वाढला आणि भाव वीस रुपयांनी उतरला. एकशेदहा गुणिले ऐंशी. तिने पाटीवर गुणाकार केला : आठ हजार आठशे. मेहनत जास्त, माल जास्त, पैसा बाराशे रुपये कमी. ती बराच वेळ पाटीकडे पाहत राहिली. इंग्लंडात चार्ल्स डॅव्हनंट यांनी १६९९ साली धान्याविषयी असाच एक आडाखा छापला होता. पीक एक दशांशाने घटले तर भाव तीन दशांशांनी चढतो, असा. मार्शलनीही त्याची दखल घेतली आहे. तिला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘म्हंजे आबा बरोबर हाईत.’ तीनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातील गणित आपल्या आजोबांना साक्ष देते, ही गोष्ट प्रकरणात कोठेही लिहिलेली नव्हती. ती तिने वाचली.

तेथेच ती थांबली असती तरी आम्ही समाधान मानले असते. पण आबांनी फोनवर तिला आणखी काही ऐकविले. भाव नुसता पिकामुळे पडत नाही. वखारीचा मालक ठरवील तो भाव, त्याने लावील ती प्रत, आणि पैसे मिळतील तेव्हा मिळतील. याच दुःखापायी १९८१ साली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली महामार्गावर ठाण मांडले होते. एप्रिलमध्ये तेथे पोलिसांचा गोळीबार झाला आणि त्यात शेतकरी मारले गेले. आबा त्या वेळी तरुण होते. तिच्या पुस्तकातील प्रकरणात खरेदीदार पुष्कळ आणि विकणारे पुष्कळ असे गृहीत धरलेले होते. तिने ते वाक्य हुडकून काढले, त्याच्या कडेला पेन्सिलीने रेघ मारली आणि मराठीत लिहिले : ‘आमच्याकडे घेणारे थोडे.’ संपूर्ण प्रकरणात तिने केलेली खूण ती एवढीच. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलाचे तेच प्रकरण आरंभापासून अखेरपर्यंत पिवळे होते.

आता पालकांचा आक्षेप. तो आमच्याकडे अनेकांनी नोंदविला आहे आणि तो रास्त आहे : परीक्षा इंग्रजीत, मग मुलांकडून मराठीत आणि कोंकणीत कशाला वदवून घेता? अशाने इंग्रजी आणखी कच्चे राहील. आमचा अनुभव असा की मनात जे उभेच राहिले नाही ते कोणत्याच भाषेत लिहिता येत नाही. घोकलेले तेवढे उतरते, आणि प्रश्न थोडा फिरविला की तेही अडते. मात्र परतीचा प्रवास करावयास हवा, हे पालकांचे म्हणणे आम्हांस पूर्ण मान्य आहे. म्हणून मुलाने आपल्या भाषेत प्रकरण सांगितले की त्याच बैठकीत तो पाच-सहा वाक्ये इंग्रजीत लिहितो, साधी, व्याकरणाला धरून, पुस्तकात न पाहता. पारिभाषिक शब्द इंग्रजीच ठेवतो. वहीच्या डाव्या बाजूस ते शब्द आणि उजवीकडे आपल्या भाषेतील खुलासा. पहिल्या महिन्यात ही वाक्ये वेडीवाकडी येतात. तरी ती त्याची स्वतःची असतात, आणि पाचव्या-सहाव्या प्रकरणापर्यंत हात सरावतो. ज्यांना हा खटाटोप टाळण्यासाठी मुलांस बालवाडीपासून इंग्रजी शाळेत घालावेसे वाटते, त्यांच्याशी आम्ही वाद घालीत नाही. एवढेच सांगतो की त्या शाळांतून आलेली मुलेही आमच्या खोलीत बसतात आणि तीही ‘तीनदा झाले’ असेच उत्तर देतात.

पाठांतराला आमचा विरोध आहे असा कोणी ग्रह करून घेऊ नये. कायद्यातील कलमाची भाषा, रसायनातील सूत्रे, संस्कृत रूपे ही तोंडपाठच हवीत. तेथे स्वतःच्या शब्दांत सांगणे म्हणजे चुकीचे सांगणे. पण ती पाठ करतानाही पुस्तक मिटून म्हणावे लागते. आपल्या वैदिकांनी पदपाठ, क्रमपाठ, जटा, घन असे तुकडे करून आणि उलटसुलट जोडून संहिता राखली. डोळे फिरवून राखली नाही.

उजळणीचे वेळापत्रक आम्ही पंचांगावरून बांधले आहे. ज्या दिवशी प्रकरण वाचले त्याच्या दुसऱ्या दिवशी एकदा, आणि मग येणाऱ्या एकादशीला एकदा, आणि त्यापुढच्या एकादशीला एकदा. त्या दिवशी पुस्तक उघडावयाचे नाही. आपण काढलेल्या प्रश्नांची चिठ्ठी पुढे घ्यावयाची आणि उत्तरे आठवावयाची. जे आठवत नाही तेवढ्यापुरतेच पान उलटावयाचे. वीस-पंचवीस मिनिटांत एक प्रकरण होते. एकादशीला उपास असल्यामुळे घरातून जेवणाची हाक येत नाही, हा आणखी एक फायदा.

गैरसोय एकच झाली आहे. सर्व मुले मोठ्याने सांगू लागल्यापासून खोलीत कोणाचे कोणास ऐकू येईनासे झाले. म्हणून आरतीनंतर सभामंडप मोकळा होतो तेव्हा मुले तेथे पसरतात. एकेका खांबापाशी एकेक. सांगणारे झाले, पण ऐकणारे कमी पडतात. सध्या चारच वृद्ध मंडळी नेमाने येतात, त्यांत शहापूरच्या त्या आजी आहेत. बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी साडेसातला ज्यांना तासभर बसता येईल त्यांनी यावे. पूर्वतयारी काही लागत नाही. ज्यांना इंग्रजी येत नाही, अशांची गरज अधिक आहे.